पडद्यावरचा डॉक्टर

पेण व रोहा या तालुक्यांत डोंगरांच्या उतारांवर कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. खैराच्या लाकडापासून कात काढणारे ते कातकरी. परंतु तो धंदा केव्हाच लयास गेला आणि मोलमजुरी त्यांच्या वाट्यास आली. दवाखान्यात जायचे म्हणजे पायवाट उतरावी, वाहनाची वाट पाहावी आणि दिवसाची मजुरी गमवावी. म्हणून पुष्कळजण दुखणे अंगावर काढतात.

२०१९ साली केंद्र सरकारने ‘ई-संजीवनी’ ही सेवा सुरू केली. उपकेंद्रातील आरोग्यसेवक रोग्याला पडद्यासमोर बसवतो; दूरचा डॉक्टर त्याची विचारपूस करून औषध सांगतो. रामायणात संजीवनीसाठी मारुतीला पर्वत उचलून आणावा लागला. येथे डॉक्टरच क्षणात डोंगर चढतो! ही सोय लहान नव्हे.

मात्र पडदा आला म्हणजे वाडीत माणूस नको, असे कोणी म्हणेल तर ते मान्य होण्यासारखे नाही. याच जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडीला १९७६ च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर सरकारी नोकरीत होते. विंचू चावून माणसे दगावत. रोग्यांच्या उशाशी तासन्‌तास बसून त्यांनी त्या विषाचा हृदयावर होणारा परिणाम न्याहाळला, आणि प्राझोसिन नावाची साधी गोळी वेळेवर दिली तर पुष्कळ प्राण वाचतात, हे सिद्ध केले. ती गोळी पडद्यातून बाहेर येत नाही. ती वाडीतच हवी, आणि रक्तदाब मोजून डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती देणारा शिकलेला हातही तेथेच हवा.

हे काम वाडीतल्याच एखाद्या स्त्रीला शिकवावे. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातील स्त्रियांना असे शिक्षण दिले, आणि तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. शिवाय कातकऱ्यांची बोली निराळी. अनोळखी डॉक्टरापुढे जी आजी गप्प बसते, ती शेजारणीपाशी सारे दुखणे सांगते.

आणखी एक अडचण आहे. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. आदिम जमातींसाठी २०२३ साली सुरू झालेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत फिरत्या दवाखान्यांची तरतूद आहे. भर उन्हाळ्यात असा दवाखाना वाडीवर गेला, तर त्याला बंद दारे आणि चार म्हातारी माणसे भेटतील. त्याच्या चालकाजवळ वाड्यांच्या यादीबरोबर भट्ट्यांचीही यादी असावी.