जुना सांगाडा, नवा डोळा

आयटीवाल्यांना पेंटबॉल माहीत असतो तो टीम आउटिंगमुळे. बंदुकीच्या डोक्यावर गोळ्यांचा जो डबा असतो, तो लोडर. साध्या लोडरमधून गोळ्या आपल्या वजनानेच खाली येतात. महागड्यात मात्र बॅटरी, छोटी मोटर आणि इन्फ्रारेडचा एक 'डोळा' असतो. नळीच्या एका बाजूने न दिसणारा किरण निघतो, समोर तो टिपणारा सेन्सर. मध्ये गोळी असली की किरण अडतो, मोटर गप्प. गोळी गेली की किरण पोचतो आणि मोटर पुढची गोळी ढकलते. सोपं आहे.

हे डबे आपटून फुटतात, पण आतलं सर्किट बहुतेक वेळा ठणठणीत असतं. मग हौशी मंडळी नुसतं कवच विकत घेऊन जुनं इलेक्ट्रॉनिक्स त्यात बसवतात. चार स्क्रू आणि काम खलास, असं वाटतं खरं. पण समजा, कवच छानपैकी पारदर्शक घेतलं. उन्हातही इन्फ्रारेड असतोच! तो सेन्सरवर पडला की सेन्सरला वाटणार नळी रिकामी आहे, आणि मोटर उगाच फिरत राहणार. जुनं काळं प्लास्टिक नुसतं झाकण नव्हतं, डोळ्याला लागणारा अंधार तेच पुरवत होतं. आपल्या भाषेत, कुठेही न लिहिलेली डिपेंडन्सी.

आता तुम्ही म्हणाल, याचं इथे काय? तर मंडळी, भिवंडीत हाच प्रश्न उलटा होऊन उभा आहे. इथे सांगाडा शाबूत आहे, डोळाच नाही.

साधा यंत्रमाग म्हणजे बिडाचं दणकट धूड. धोटा मिनिटाला शंभराहून जास्त वेळा इकडून तिकडे धावतो. उभ्या धाग्यांतला एखादा तुटला तर मागाला त्याचा पत्ताच नसतो, तो विणतच राहतो. कापडात दोष उतरतो, भाव पडतो. डोळा असतो तो कामगाराचा, आणि तोही एकाच वेळी अनेक मागांवर, त्या कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात.

यावरचा उपाय जुनाच आहे. प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची पातळ पट्टी अडकवायची. धागा ताठ आहे तोवर ती वर राहते. धागा तुटला की खाली पडते, सर्किट पूर्ण होतं, माग थांबतो. १ एप्रिल २०१७ रोजी तेव्हाच्या वस्त्रोद्योग मंत्री स्मृती इराणी यांनी 'पॉवरटेक्स इंडिया' योजना भिवंडीतच सुरू केली. साध्या मागांना जागच्या जागी असे जोड बसवायला अनुदान, हा त्या योजनेचा एक भाग होता.

माझ्या मते कल्पना शंभर टक्के योग्य होती. सहा-आठ मागांच्या मालकाला बिनधोट्याचा नवा माग परवडत नाही. मग उरतं काय? माग किलोच्या भावाने भंगारात, आणि शेड भाड्याने.

पण नुसत्या किटला अनुदान देऊन भागत नाही, कारण जुना सांगाडा नव्या डोळ्यासाठी बनलेलाच नसतो. कापसाची धूळ आणि तेल पट्टीखालच्या संपर्कावर बसतं, मग धागा तुटूनही माग थांबत नाही. हादऱ्यांनी वायर सैल होते, मग धागा शाबूत असून माग थांबतो. असं तीन-चारदा झालं की कुणीतरी वायरच काढून टाकणार. त्याला तरी काय बोलणार? मजुरी मीटरवर असते. माग थांबला की मजुरी थांबली.

म्हणून पैसा जॉबरवर खर्च व्हायला हवा. वर्षानुवर्षं माग जुळवणाऱ्या या माणसाला सांगाड्याच्या खोडी तोंडपाठ असतात. त्याच्या हातात मल्टीमीटर द्या, महिनाभर शिकवा, सुटे भाग गावातच मिळतील असं बघा. आणि किट बनवणाऱ्याने मापं व सर्किटचा नकाशा सोबत द्यावा, ही अनुदानाची अटच असू दे.

केंद्राने जुलै २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी क्षेत्रं तिने हाती घेतली. यंत्रमाग त्यात नव्हता. फोनची स्क्रीन फुटली तर आपला एक दिवस खराब जातो, इथे घर चालायचं थांबतं.

माणकोलीच्या बाजूला बड्या कंपन्यांची गोदामं आहेत. सरकत्या पट्ट्यावरचे खोके ओळखायला असेच डोळे लागतात, आणि ते बिघडले तर बघणारा माणूस कंपनी ठेवते. थोडं अलीकडच्या मागाला तेवढं मिळू नये, याला तांत्रिक कारण काहीही नाही. सांगाडा अजून वीस वर्षं टिकेल. त्याला डोळा बसवणारे हात भिवंडीतच आहेत, त्यांना आधी नीट शिकवूया.