अडकलेल्या दिवसांचे चित्रपट

ज्यांचे बालपण १९८०-९० च्या दशकात गेले, त्यांना व्हीसीआर भाड्याने आणण्याचा सोहळा आठवत असेल. गणपतीत नाहीतर कुणाच्या घरी पूजा असली, की चार घरांची वर्गणी जमायची. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी एका रात्रीच्या भाड्याने यायच्या. सकाळी सगळे परत द्यायचे असल्याने रात्र जागून तिन्ही चित्रपट पाहणे हे कर्तव्यच असे. पण खरी मौज त्याच्या आधीची. तीन कॅसेटी कोणत्या, यावर दोन दिवस भांडण चाले. एक देवाधर्माचा हवा, एक मारामारीचा हवा, एक हसवणारा हवा. आजीचे मत, काकांचे मत, पोरांचा आरडाओरडा, असे सगळे मिळून ती तीनाची यादी ठरायची. आज मागे वळून पाहताना वाटते, की चित्रपटांपेक्षा ते भांडणच जास्त मोलाचे होते.

कारण आज ते भांडण संपले आहे. घरात चार माणसे असतील तर चार मोबाइल असतात. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात, कानात बोंडे घालून, आपापले पाहतो. हजारो चित्रपट बोटाशी आहेत, आणि अर्धा तास नुसती यादी वरखाली सरकवून आपण शेवटी काहीच न पाहता झोपी जातो. निवडीला मर्यादा नसली, की निवडच होत नाही. जेवणाच्या ताटात पन्नास पदार्थ वाढले तर भूक मरते, तसेच हे.

२५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी सुरू झाली आणि आपण सगळे घरात अडकलो. तीनच दिवसांनी दूरदर्शनने १९८७ चे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली, आणि बऱ्याच वर्षांनी घरोघरची माणसे ठरल्या वेळी एका पडद्यासमोर बसली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा निर्बंध आले. त्या वेळी आमच्या नगरच्या घरात एक नियम केला. घरातल्या प्रत्येकाने एकच चित्रपट सुचवायचा. तो का पाहायचा, हे दोन वाक्यांत सांगायचे. आणि बाकीच्यांनी, आवडो न आवडो, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून शेवटपर्यंत बसायचे. त्या नियमातून जे हाती लागले, त्याविषयी हे चार शब्द.

तसे पाहिले तर अडकलेल्या दिवसांचे काय करावे, हे नगरला नवे नाही. ९ ऑगस्ट १९४२ ला ‘चले जाव’चा ठराव करणाऱ्या काँग्रेसच्या नेत्यांना पकडून नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणले गेले. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी ती मंडळी. नेहरू २८ मार्च १९४५ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ, तिथे होते. त्यांनी बागेची माती खणली, आणि १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. मौलानांनी पत्रे लिहिली. ती धाडायची सोय नव्हतीच. पुढे ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने त्यांचे पुस्तक झाले. पहाटेच्या चहापासून खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांपर्यंत सारे त्यात आहे. याच काळात तिकडे कलकत्त्याला त्यांच्या पत्नीचे निधन झाले आणि त्यांना शेवटची भेटही मिळाली नाही. आपली सक्ती त्या सक्तीपुढे काय! पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. चार भिंतींत कोंडलेल्या माणसाने वेळ नुसता घालवायचा नसतो.

म्हणून आमच्या यादीत पहिले नाव मी घातले ते ‘भारत एक खोज’चे. श्याम बेनेगल यांची १९८८ ची ही मालिका, ५३ भागांची. नेहरूंच्या त्याच पुस्तकावर बेतलेली, रोशन सेठ यांनी रंगवलेल्या नेहरूंच्या तोंडून पुढे सरकणारी. सगळे भाग पाहण्याचा आग्रह मी धरला नाही, मुलांनी तो मानलाही नसता. एक भाग पाहिला आणि मग किल्ल्याविषयी बोललो. ज्या किल्ल्यावरून आपण शंभर वेळा गेलो, त्यात बसून कुणी अख्ख्या देशाची गोष्ट लिहिली, हे मुलाला ठाऊकच नव्हते. दोष त्याचा नव्हे. आपण कधी सांगितले?

मुलीची निवड ‘अशी ही बनवाबनवी’ची. याला कोण नाही म्हणणार? १९८८ चा हा चित्रपट महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. तरी त्या दिवसांत पाहताना एक वेगळीच गोष्ट ध्यानात आली. आपण घरात बसून कंटाळलो म्हणून कुरकुरत होतो, आणि पडद्यावर चार तरुण एका खोलीसाठी पुणे पालथे घालत होते. डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून दोघांना लुगडे नेसावे लागते, यातली गंमत आपण हसून सोडून देतो. पण मूळ अडचण अगदी खरी आहे. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून ही कथा घेतलेली. म्हणजे दोन दशके उलटूनही भाड्याच्या खोलीचा प्रश्न तसाच होता.

सौ.ने ‘अर्धसत्य’ निवडला, आणि मुले झोपल्यावर तो पाहायचे ठरले. गोविंद निहलानींचा १९८३ चा हा चित्रपट म्हणजे ओम पुरींचा, हे खरेच. पण नगरकरांसाठी तो आपल्या सदाशिव अमरापूरकरांचा. रामा शेट्टीच्या भूमिकेत ते आवाज चढवत नाहीत, हात उगारत नाहीत, तरी अंगावर काटा येतो. त्या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. नगरच्या रंगभूमीवर घडलेला हा माणूस २०१४ मध्ये गेला. हिंदी पडद्याने त्यांना पुढे बहुतेक वेळा खलनायकच केले. नगरला ते सामाजिक कामात उभे राहणारे गृहस्थ म्हणून ठाऊक होते.

आता आईची निवड. तिचे माहेर नेवासे तालुक्यातले. तिने क्षणाचाही विचार न करता ‘संत ज्ञानेश्वर’ सांगितला. १९४० चा, प्रभातचा, दामले-फत्तेलाल यांचा. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे आपण मानतो, तो पैसाचा खांब तिने लहानपणापासून पाहिलेला. तिला एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. पडद्यावरचे मोठे ज्ञानेश्वर, शाहू मोडक, हे नगरचेच. १९१८ मध्ये इथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३२ च्या ‘श्यामसुंदर’मध्ये ते कृष्ण झाले आणि पुढे कितीतरी चित्रपटांत कृष्ण म्हणून लोकांनी त्यांना हात जोडले. ‘माणूस’मधला हवालदार गणपतही त्यांचाच. आईने सारे ऐकले आणि म्हणाली, “मग काय झालं? चेहऱ्यावर तेज आहे ना पोराच्या!” आणि पुन्हा हात जोडले. ख्रिस्ती घरातल्या मुलाने ज्ञानेश्वर व्हावे आणि साऱ्या महाराष्ट्राने ते मनापासून स्वीकारावे, यात कुणाला काही वावगे वाटले नाही. हेही आपल्याच जिल्ह्याचे संचित आहे. जपावे असे.

मुलाने मात्र ‘फँड्री’ सांगितला. आणि इथे घरात कुरबुर झाली. “आधीच बाहेर ॲम्ब्युलन्सचे आवाज, त्यात रडवणारं कशाला?” असे मीच म्हणालो. पण नियम म्हणजे नियम.

नागराज मंजुळे यांचे गाव करमाळ्याकडचे जेऊर, पण संज्ञापनाचे शिक्षण नगरचे. ‘फँड्री’ची कथा घडते ती नगरजवळच्या अकोळनेरात. कैकाडी समाजातला जब्या, त्याची वर्गातल्या मुलीवर जडलेली मूक प्रीत, आणि गावाने त्याच्या घरावर लादलेले डुकरे पकडण्याचे काम. डुकराच्या मागे धावता धावता शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, आणि सारे कुटुंब जिथल्या तिथे स्तब्ध उभे राहते. मेलेले डुक्कर खांद्यावर घेऊन बापलेक शाळेच्या भिंतीवरून जातात आणि भिंतीवर आंबेडकर, फुले असतात. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे.

चित्रपट संपला तेव्हा कुणी बोलेना. मग आई म्हणाली, “आमच्या गावात पण यायचे. उन्हातान्हात दारात उभे राहायचे. आम्ही ओंजळीत वरून पाणी ओतायचो. कधी वाटलंच नाही, की हे काही वाईट करतोय.” माझ्या आठवणीत तिने हे पहिल्यांदा सांगितले. एरवी कधी सांगितले असते असे मला वाटत नाही.

मग मुलाने जे विचारले, ते मला आजही सुचले नसते. “आजी, ज्ञानेश्वरांना पण गावानं वाळीतच टाकलं होतं ना?” खरेच की. आदल्याच आठवड्यात आम्ही पाहिले होते. आईवडिलांच्या नावावर ठपका, म्हणून पोरांना शिधा नाही, मुंज नाही, गावात थारा नाही. त्या चार भावंडांसाठी आमच्या डोळ्यांत पाणी आले होते. जब्यासाठी मात्र मी चॅनेल बदलायला निघालो होतो. सातशे वर्षांपूर्वीच्या अन्यायावर रडणे सोपे असते, त्याचे बिल आपल्या नावावर फाटत नाही. अकोळनेरचा अन्याय आपल्या शेजारचा आहे, म्हणून तो जड जातो.

आणि तो केवळ पडद्यावरचा नाही. ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ ला प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २८ एप्रिलला, याच जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यातल्या खर्डा गावात, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो, हा संशय त्यामागे असल्याचे आरोप होते. साक्षीदार उलटले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या, मंजुळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा अभिमानाने ऊर भरून आला. पण त्या दगडाचे आपण काय केले, हा प्रश्न उरतोच.

शेवटची निवड सगळ्यांनी मिळून केली. ‘ख्वाडा’. नगर जिल्ह्याच्याच भाऊराव कऱ्हाडे यांचा हा पहिला चित्रपट. त्यासाठी त्यांनी स्वतःची जमीन विकली. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो चित्रपटगृहांत आला. मेंढरे घेऊन गावोगाव फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा. ख्वाडा म्हणजे अडथळा. आम्हाला घरात अडकल्याचा त्रास होत होता, या माणसांना मुळात घरच नाही. जिथे पाल ठोकावे तिथून कुणीतरी उठवायला येतो. तेव्हा आठवले, की पहिल्या टाळेबंदीत पाथर्डीकडचे आणि बीडचे ऊसतोड कामगार कारखान्यांच्या परिसरातच, कोपीत अडकून पडले होते. एप्रिल २०२० च्या मध्यावर सरकारने परवानगी दिली, तेव्हा लाखाहून अधिक मजुरांचा परतीचा मार्ग मोकळा झाला. घरात अडकणे हीसुद्धा एक सोय असते, ती सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

कुणी म्हणेल, चित्रपट हा विरंगुळा आहे, त्याला एवढे ओझे कशाला? मान्य आहे. म्हणूनच यादीत ‘बनवाबनवी’ आहे आणि ती राहणारच. दुःखी चित्रपटांचा उपवास करा, असे माझे म्हणणे नाही. म्हणणे एवढेच, की पाच-सहाच निवडा आणि घरातल्या प्रत्येकाला एक मत द्या. त्यात एक तरी आपल्या मातीतला असू द्या आणि एक तरी असा, की तो पाहून झाल्यावर कुणीतरी गप्प बसेल. विरंगुळा एकट्याने होतो. बोलणे मात्र एकत्र पाहिल्यावरच सुरू होते.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. टाळेबंदीही मागे पडली. पण घरात अडकण्याचे प्रसंग संपत नाहीत. पावसाची झड लागते, कुणाचा पाय मोडतो, कुणाला आजारपण येते. तेव्हा घाईने शोधत बसण्यापेक्षा यादी आजच, रविवारच्या चहाबरोबर करून ठेवावी. भांडण होईल. होऊ द्यावे.

आमच्या घरी पुढच्या यादीवरून ते सुरूच आहे. आईने या वेळी ‘माणूस’ मागितला आहे. नगरचाच पोरगा आहे, म्हणते.