पाठदुखी आणि 'मनाचे खेळ'

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. कारण घरच्यांना ठाऊकच आहे, कंबर! पारोळ्याहून धुळ्याला रोज एस.टी.नं पस्तीसेक किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. दीड वर्षापूर्वी उसण भरली. काकूंनी गल्लीतला पायाळू मुलगा शोधून आणला, त्यानं पाठीला पाय लावला आणि खरं सांगतो, दोन दिवस बरं वाटलं. (हसू नका.) तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग शेक, बाम, पट्टा, शेवटी एम.आर.आय. रिपोर्टमध्ये चकती फुगलेली. डॉक्टर म्हणाले, "वाकू नका, वजन उचलू नका." त्या दिवसापासून मी पाण्याच्या बादलीलाही घाबरू लागलो.

नंतर वाचलं ते असं. १९९४ साली अमेरिकेत पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ जणांचे एम.आर.आय. काढले होते. त्यातल्या ५२ टक्के लोकांची निदान एक तरी चकती फुगलेली निघाली! म्हणजे माझी चकती फुगलेली आहे हे खरं, पण दुखतंय ते तिच्यामुळेच, हे त्या फोटोवरून ठरत नाही. हे एक वाक्य रिपोर्ट हातात देताना सांगायला काय हरकत असते? माझी निम्मी भीती तिथेच गेली असती.

आणि भीतीच तर दुखणं धरून ठेवते. मेंदूला एकदा वाटलं की पाठ धोक्यात आहे, की तो साध्या हालचालीलाही कळ उठवतो. आपण आखडतो, झोप जाते, कळ वाढते. गेल्या उन्हाळ्यात भाच्याच्या लग्नात मी दोन दिवस वाकून वाकून वरण-बट्टी वाढली. कंबर गप्प. सोमवारी स्टँडवर पाऊल टाकलं आणि चमक! तेव्हाच मला शंका यायला हवी होती. २०२१ मध्ये कोलोरॅडोतल्या १५१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दुखणं धोक्याचं नाही हे मेंदूला शिकवणारे उपचार ज्यांना मिळाले, त्यातले ६६ टक्के चार आठवड्यांत जवळजवळ वेदनामुक्त झाले. खोटं इंजेक्शन दिलेल्यांत हे प्रमाण २० टक्के होतं. अभ्यास लहान आहे, त्यात दुखणी फार तीव्र नव्हती, हेही खरं. आणि पायात बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, ताप असं काही असेल तर मनाचं पुराण बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

पण "मनाशी संबंध आहे" म्हणजे "दुखतच नाही" असं नव्हे. इथेच आपलं चुकतं. माझंही चुकलं. बाबा गेल्यानंतर आईची पाठ धरली होती. ताई, तुला आठवत असेल. तिचे रिपोर्ट चांगले आले तेव्हा मी म्हणालो, "काही नाही गं, मनाचे खेळ आहेत." ती एवढंच म्हणाली, "माले काय हौस शे का?" त्यानंतर तिनं पाठीचं नाव काढलं नाही. ओट्यावरून उठताना भिंतीला हात लावायची, तेवढंच दिसायचं. मला तेव्हा वाटलं, बरी झाली.

असो. आता रोज सकाळी किल्ल्यापर्यंत चालत जाऊन येतो. सोमवारी अजूनही दुखतं. पट्टा खुंटीला आहे. परवा नळाला पाणी आलं तेव्हा कळशी उचलली, चमक आली, जरा थांबलो आणि तशीच स्वयंपाकघरात नेऊन ठेवली.