कझाक पॉपचा सूर आणि अस्मितेचा वाद

सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९१मध्ये स्वतंत्र झालेल्या कझाकस्तानात राष्ट्रभाषेचा प्रश्न संसदेत, शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत दीर्घकाळ धुमसत राहिला. त्याला अनपेक्षित वळण दिले ते पाच तरुणांच्या एका पॉप गटाने. २०१५मध्ये 'आयिप्तामा' म्हणजे 'दोष देऊ नकोस' हे गाणे घेऊन आलेल्या या गटाचे नाव होते 'नाइन्टी वन'. हे नाव स्वातंत्र्याच्या वर्षावरून घेतलेले होते.

गटाचे निर्माते येर्बोलात बेदेलखान हे स्वतः 'ओर्दा' या लोकप्रिय गटाचे गायक. त्यांनी साचा घेतला तो कोरियन आयडॉल संगीताचा. रंगवलेले केस, कानात डूल, चेहऱ्यावर प्रसाधन आणि काटेकोर बसवलेले नृत्य. तरुणाईने हा प्रकार डोक्यावर घेतला. परंपरावादी मात्र खवळले. हा वेष कझाक पुरुषाला शोभत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. २०१६च्या दौऱ्यात काही शहरांत निदर्शने झाली आणि कार्यक्रम रद्द करावे लागले.

या संतापाचे मूळ केवळ पोशाखात शोधणे अपुरे ठरेल. १९३०च्या दशकारंभीच्या भीषण दुष्काळात सुमारे १५ लाख लोक दगावले, त्यांतील बहुसंख्य कझाक होते. पुढे सक्तीची स्थलांतरे आणि बाहेरून झालेल्या वसाहती यांमुळे कझाक आपल्याच भूमीत अल्पसंख्य झाले. १९८९च्या जनगणनेतही त्यांचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपासच होते. अल्माटीसारख्या शहरांत शिक्षण, नोकरी आणि प्रतिष्ठा यांची भाषा रशियन झाली. कझाक ही खेड्याची बोली मानली जाऊ लागली. १९९५च्या राज्यघटनेने कझाक भाषेला राज्यभाषेचा दर्जा दिला, पण सरकारी व्यवहारात रशियनचे स्थानही कायम ठेवले. कायद्याने दर्जा मिळाला तरी शहरी तरुणाच्या ओठांवर भाषा येत नाही, हा अनुभव त्यानंतरच्या काळाने दिला.

नेमकी हीच उणीव 'नाइन्टी वन'ने भरून काढली. त्यांची गाणी मुख्यतः कझाक भाषेत आहेत. 'ईगल्झ' म्हणवून घेणारे त्यांचे चाहते ती तोंडपाठ करतात, त्यांचा अर्थ लावतात, इतरांसाठी भाषांतरे करतात. कझाक नीट न येणाऱ्या शहरी मुलांना या भाषेची गोडी लागली ती अशा गाण्यांतून. या संगीताला मिळालेले 'क्यू-पॉप' हे नावही सूचक आहे. त्यातील 'क्यू' हे 'कझाक' शब्दाचे रोमन लिपीतील आद्याक्षर. सिरिलिक सोडून रोमन लिपी स्वीकारण्याचा अधिकृत आदेश निघाला २०१७मध्ये आणि ते काम अद्याप रेंगाळलेलेच आहे.

तथापि, विरोधकांना निव्वळ प्रतिगामी म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. शहरांनी पाठ फिरवली तेव्हा ही भाषा जिवंत ठेवली ती त्यांच्याच गावांनी आणि घरांनी. आपण जपलेला ठेवा आता परक्या वेषात मिरवला जातो, याची सल त्यांच्या रागात होती. दुसरीकडे, ज्या पिढीला ही भाषा मागासलेपणाची खूण वाटत होती, तिला ती आपलीशी वाटावी यासाठी नव्या वेषाची गरज होती, हेही नाकारता येणार नाही.

२०२१च्या जनगणनेनुसार कझाकांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या घरात पोहोचले आहे. रशियाने २०२२मध्ये युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर भाषेचा प्रश्न आणखी संवेदनशील झाला आहे. मात्र चाहत्यांचा उत्साह म्हणजे भाषाधोरण नव्हे. विद्यापीठ, रुग्णालय आणि कारखाना यांत कझाक भाषेला स्थान मिळाले नाही, तर ती केवळ गाण्यांपुरती उरण्याचा धोका आहे. पॉप संगीताने तिच्याविषयीचा संकोच कमी केला. यापुढची जबाबदारी राज्यकर्त्यांची आहे.