शेतीशास्त्राचा जमाखर्च आणि वर्तमानपत्रांचे कर्तव्य

शेतीसंबंधीचे बहुतेक शास्त्रीय संशोधन सरकारी पैशाने चालते, आणि सरकारी पैसा म्हणजे अखेरीस रयतेचाच पैसा होय. सोसायटीचा सभासद वार्षिक सभेत ताळेबंद वाचून दाखविण्यास सांगतो. परंतु संशोधनसंस्थेत काय झाले, कोणाच्या निर्णयाने झाले व त्याचे फळ काय, हे विचारण्याची चाल आमच्यात नाही. शास्त्र हे विद्वानांचे काम, त्यात नांगरधऱ्याने काय बोलावे, अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत घातक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती घातक का, हे आपल्याच राज्यातील कपाशीच्या उदाहरणाने दाखविण्याचे आम्ही योजिले आहे.

बोंडअळीस दाद न देणाऱ्या बीटी कपाशीस भारतात प्रथम परवानगी मिळाली ती 2002 च्या मार्चमध्ये. हे बियाणे कंपन्यांचे व संकरित; सबब दरसाल नवे विकत घेणे प्राप्त. अशा वेळी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था व धारवाडचे कृषिविज्ञान विद्यापीठ यांनी बिकानेरी नरमा या सरळ वाणातच हा गुण आणल्याचे जाहीर केले. सरळ वाण म्हणजे घरचे बी राखून पुढील साली पेरण्याची सोय. कोरडवाहू कास्तकारास याहून मोठा दिलासा कोणता? 2008 मध्ये परवानगी मिळाली आणि 2009 च्या हंगामात बी शेतकऱ्यांच्या हाती आले. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस हे बी मागे घेण्यात आले. कारण, सरकारी संस्थेचे म्हणून दिलेल्या त्या बियाण्यात मोन्सॅन्टो कंपनीचा जनुकघटक आढळला होता.

या प्रकरणातील बराचसा तपशील लोकांपुढे आला तो 2011 व 2012 या वर्षांत, आणि तोही माहितीच्या अधिकाराखाली मिळविलेल्या कागदपत्रांमुळे व वर्तमानपत्रांनी त्यांचा पाठपुरावा केल्यामुळे. त्यानंतर भारतीय कृषि अनुसंधान परिषदेने प्रा. सोपोरी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली, व परक्या घटकाचे अस्तित्व तिच्या अहवालात नमूद झाले. येथे नुकसान केवळ पैशाचे झाले नाही. घरी राखता येईल असे बीटी बियाणे सरकार देईल, ही शेतकऱ्याची आशा मावळली, आणि बाजार पुन्हा कंपन्यांच्या हाती राहिला. बी पेरण्यापूर्वीच कोणी जाणत्या बातमीदाराने चाचण्यांची कागदपत्रे मागितली असती, तर कदाचित ही नामुष्की टळली असती.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहा. 31 ऑक्टोबर 2008 रोजी टाइम्स ऑफ इंडियाच्या नागपूर आवृत्तीत यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा व अंतरगाव या गावांत बीटी कपाशीने सुबत्ता आल्याचा व तेथे आत्महत्या नसल्याचा वृत्तांत छापून आला. तोच मजकूर 28 ऑगस्ट 2011 रोजी पानभर पुन्हा प्रसिद्ध झाला. या खेपेस तो महिको-मोन्सॅन्टो बायोटेक कंपनीने पैसे देऊन छापविलेला होता. पुढे 2012 च्या मार्चमध्ये संसदेची कृषिविषयक स्थायी समिती त्या भागात आली, तेव्हा भांबराजाच्या गावकऱ्यांनी आपल्या गावात 14 आत्महत्या झाल्याचे सांगितले. ही सर्व हकीकत पी. साईनाथ यांनी 10 मे 2012 च्या 'द हिंदू'त उघडकीस आणली. बातमी कोणती व जाहिरात कोणती हे वाचणाऱ्यास कळेनासे झाले, की शास्त्राच्या नावावर काहीही खपते. साईनाथ यांनी केले ते इतकेच की, ते गावात गेले व ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांनाच विचारले.

कोणी म्हणेल, अशा चौकशीने शास्त्रज्ञांचा उत्साह खचेल व लोकांचा शास्त्रावरील विश्वास उडेल. आम्हास हे पटत नाही. आम्ही बीटीचे शत्रू नाही, भाटही नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे हाल केले, तेव्हा या बियाण्याची मर्यादा प्रत्येकाने आपल्या शेतातच पाहिली. विश्वास उडतो तो प्रश्नांनी नव्हे, झाकपाकीने. अमेरिकेत डॅनियल ग्रीनबर्ग या बातमीदाराने 1967 मध्ये शास्त्राच्या राजकारणावर ग्रंथ लिहिला व 1971 पासून सरकार आणि शास्त्र यांच्या व्यवहारास वाहिलेले स्वतंत्र पत्र चालविले. खजिन्यातून पैसा मागणारे जसे इतर, तसेच शास्त्रज्ञही, या दृष्टीने तो पाही. म्हणून तेथील शास्त्र बुडाले असे काही झाले नाही.

आमच्या विसरवाडीकडील मंडळीस तर दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच तालुक्याच्या ठिकाणी, नवापुरात, 18 फेब्रुवारी 2006 रोजी देशातील पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. नमुने तपासावयास भोपाळपर्यंत न्यावे लागले. कोंबड्या राणीखेतीने मेल्या असे पालक म्हणत होते. आणि शेवटी लाखो पक्षी मारले गेले. 2021 मध्ये तोच रोग पुन्हा तेथेच आला. दोहोंच्या दरम्यान पशुरोगनिदानावर किती खर्च झाला, तपासणीची सोय किती जवळ आली, पहिला पक्षी मेल्यापासून निदान होईपर्यंत किती दिवस गेले, हे प्रश्न बातमीदारांनी हाती घेण्याजोगे आहेत. मेलेल्या पक्ष्यांची संख्या छापणे सोपे. हे प्रश्न विचारण्यास चिकाटी लागते.

याकरिता आमच्या सूचना दोन आहेत. पहिली वर्तमानपत्रांस: बाजारभाव व पर्जन्यमान छापता त्याचप्रमाणे संशोधनसंस्थांचे अंदाजपत्रक व वार्षिक अहवाल जाणत्या माणसाकडून वाचवून घ्या, आणि ज्या मजकुराचे पैसे मिळाले त्यावर तसे ठळक लिहा. दुसरी आमच्या वाचकांस: 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क तुम्हास दिला आहे. शिफारस झालेल्या वाणाची चाचणी आपल्या भागात कोठे झाली, किती वर्षे झाली व उतारा काय आला, हे पेरणीपूर्वी विचारा. मिळालेले उत्तर सोसायटीच्या सभेत वाचा व गावच्या बातमीदारासही द्या. जो बियाणे निवडून घेतो त्याने त्या बियाण्याचा इतिहासही निवडून घ्यावा, यात विद्वानांचा उपमर्द मुळीच नाही.