परत आलेल्या मालाची जबाबदारी कोणाची?

गेल्या काही वर्षांत अमरावती व अकोला जिल्ह्यांतील महिला बचत गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या आपला माल ऑनलाइन बाजारात विकू लागल्या आहेत. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या मिनी डाळ मिलवर गावातच तूर भरडून तिची डाळ एक-एक किलोच्या पाकिटांत भरावयाची आणि ती पुण्या-मुंबईच्या ग्राहकास थेट पाठवावयाची, हे काम पाहून कोणाही कार्यकर्त्यास समाधान वाटावे असेच आहे. या कामास उत्तेजन देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही आहे, आणि म्हणूनच पुढील मजकूर लिहिणे त्यास आपले कर्तव्य वाटते. माल पाठवावा कसा हे आम्ही गटांना शिकविले. पाठविलेला माल परत आला तर काय करावे हे मात्र शिकविले नाही.

दर्यापूर तालुक्यातील एका बचत गटाने गेल्या हंगामात खारपाणपट्ट्यातील मूग एका मोठ्या ऑनलाइन बाजारमंचावर विक्रीस ठेवला. खप चांगला झाला. परंतु काही पाकिटे पोहोचून महिना उलटून गेल्यावर ‘मालात किडे आहेत’ अशा तक्रारी आल्या. मंचाने ग्राहकास पैसे परत दिले आणि तेवढी रक्कम गटाच्या पुढच्या हप्त्यातून कापून घेतली. गटास प्रथम कळले ते हप्ता कमी आल्यावर. पाकिटे परत आली ती त्याहून तीन आठवडे उशिरा, फोडलेली आणि भुंगेऱ्यांनी भरलेली. मी गावी गेलो तेव्हा गटाच्या अध्यक्षाबाईंनी एक पाकीट माझ्यापुढे ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, “साहेब, पैसे तं गेलेच, पन हा मूंग आता कोनाले विकू?” मजजवळ उत्तर नव्हते.

आता हा भुंगेरा कोणाचा, हा खरा प्रश्न आहे, आणि तो वाटतो तितका सोपा नाही. कडधान्यावरील भुंगेऱ्याची मादी शेतात पक्व झालेल्या शेंगेवर किंवा साठवणीतील अख्ख्या दाण्यावर अंडी चिकटविते. अंडे बारीक पांढऱ्या ठिपक्यासारखे असते. त्यातून निघालेली अळी थेट दाण्यात शिरते, आतच वाढते, आणि उष्ण हवेत सुमारे २५ ते ३० दिवसांनी दाण्यास वाटोळे भोक पाडून भुंगेरा बाहेर पडतो. मधल्या काळात दाणा वरून निर्दोष दिसतो. म्हणजे पाकीट भरताना प्रामाणिक बाईच्या डोळ्यांना जे दिसले नाही, ते पुण्यातील ग्राहकास महिन्याने दिसू शकते. उलटपक्षी, पाकीट उघडून ग्राहकाने ते जुन्या कीड लागलेल्या हरभऱ्याशेजारी ठेविले, तरीही महिन्याने हेच दृश्य दिसेल. पहिल्या आठवड्यात जिवंत भुंगेरे आढळले तर दोष विक्रेत्याचा, असे बहुतेक निःशंकपणे म्हणता येते. चाळिसाव्या दिवशी कोणत्याही शास्त्रज्ञास केवळ पाकीट पाहून तसे म्हणता येणार नाही. (भरडलेल्या डाळीस हा भुंगेरा अख्ख्या दाण्यापेक्षा फारच कमी उपद्रव देतो, मूग अख्खा विकावा की डाळ करून विकावी, याचा विचार गटांनी या कारणासाठीही करावा.)

ग्राहकाचा हक्क नाकारावा असे माझे म्हणणे मुळीच नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल किंवा ठरल्या वेळेनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्यास तो परत घेण्यास किंवा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. हा नियम न्याय्य आहे. शेतकरी हा स्वतः ग्राहक असतो तेव्हा त्यासही असेच संरक्षण हवे असते. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी कितीतरी आल्या, हे वाचकांच्या स्मरणात असेल. परंतु तेथे काय घडते ते पाहावे. शेतकऱ्याने तक्रार केली की तालुक्याची समिती शेतावर जाते, कृषी विद्यापीठाचा प्रतिनिधी असतो, बियाणे कंपनीच्या माणसास बोलाविले जाते, उगवण मोजली जाते आणि पंचनामा होतो. पेरणी खोल झाली होती काय, पाऊस किती होता, हेही लिहिले जाते. निर्णय कधी शेतकऱ्याच्या बाजूने होतो, कधी होत नाही. पण दोघांसमक्ष पाहणी झाल्यावाचून होत नाही. मुगाच्या पाकिटाचा मात्र पंचनामा कोणी केला नाही. एका बाजूची तक्रार वाचून दुसऱ्या बाजूचे पैसे कापले गेले.

वऱ्हाडला ही तक्रार नवी नाही. माझे आजोबा बाजारातील कापसाच्या जुन्या गोष्टी सांगत. भाव ठरे गाडीवर, मूठभर कापूस हातात घेऊन. आणि खोट निघे जिनात, गाडी अर्धी रिकामी झाल्यावर. खालचा कापूस ओला आहे, पत्ती फार आहे, असे म्हणून कटौती मागितली जाई. बैल दिवसभर उभे, घर दहा कोसांवर, अर्धा कापूस दुसऱ्याच्या आवारात पडलेला, अशा स्थितीत शेतकरी नाही म्हणणार तरी कसा? सौदा पुरा झाल्यावर, माल दुसऱ्याच्या ताब्यात असताना काढलेली खोट विक्रेत्यास नेहमीच महाग पडते. मग ती खरी असो वा खोटी.

हा बाजार नियमांत बांधण्याचे काम देशात प्रथम आपल्याच मुलखात सुरू झाले, याचा वऱ्हाडच्या वाचकास अभिमान वाटावा. आजच्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. बाजारास समिती आली, अडते व मापारी यांना परवाने आले. त्या कायद्याने सगळे दोष गेले असे नाही. समितीत शेतकऱ्याचा आवाज पुरेसा पोहोचण्यास पुढे बरीच वर्षे लागली, आणि महाराष्ट्राचा आजचा बाजार समितीचा कायदा १९६३ चा आहे. तथापि एक गोष्ट रुळली : मालाविषयी वाद निघाला तर माल समोर असताना, दोघे हजर असताना, तिऱ्हाइताने तो पाहावा.

ऑनलाइन बाजारास ही गोष्ट लागू करणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. धान्य, कडधान्य व मसाले यांसाठी तक्रारीची मुदत माल पोहोचल्यापासून सात दिवसांची असावी. तक्रारीसोबत पाकिटाचे व त्यावरील घाणी क्रमांकाचे छायाचित्र असावे. विक्रेत्यास कळवून त्याचे म्हणणे ऐकण्यास दोन-तीन दिवस द्यावेत, आणि त्यानंतरच त्याच्या हप्त्यास हात लावावा. ग्राहकास पैसे ताबडतोब द्यावयाचे असतील तर मंचाने खुशाल द्यावेत. पण चौकशी होईपर्यंत तो भार मंचाने सोसावा, बचत गटाने नव्हे. व्यापाराचा विस्तार ज्याच्या हिताचा, त्याने त्यातील जोखमीचा काही वाटा उचलावा, हे मागणे अवाजवी नाही.

या नुकसानीचा आकार कार्यकर्त्यांच्या नीट लक्षात येत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, एका पाकिटातील मूग ११० रुपयांचा, पाकीट व भराई १० रुपये, पोहोचविण्याचा खर्च ५० रुपये आणि मंचाचे शुल्क १० रुपये. विक्री २०० रुपयांस झाली तर नफा २० रुपये. तेच पाकीट किडके होऊन परत आले, तर मूग, भराई व जाण्याचा खर्च मिळून १७० रुपये बुडाले. परतीचे ५० रुपये विक्रेत्याकडे आले तर एकूण २२० रुपये. मंचाने आपले शुल्क सोडून दिले तरी, एका परत पाकिटासाठी अकरा पाकिटांचा नफा खर्ची पडतो. शंभरांत नऊ-दहा पाकिटे परत आली की वर्षभराचे कष्ट फुकट गेले असे समजावे.

मंचांनी नियम बदलेपर्यंत आपण हात बांधून बसावे असे नाही, कारण दोष काही अंशी आपलाही असतो. त्या गटाचा मूग ऑगस्टअखेर पावसाच्या उघडिपीत काढलेला होता, आणि तो पुरेसा वाळला नव्हता, हे मला कबूल केले पाहिजे. साठवणीसाठी कडधान्याचा ओलावा ९ ते १० टक्क्यांवर आणावा. माल पाकिटांत भरेपर्यंत हवाबंद तिपदरी पिशव्यांत ठेवावा. हवा न मिळाल्याने आतील अळीही मरते. प्रत्येक घाणीस क्रमांक द्यावा, भरल्याची तारीख पाकिटावर छापावी, आणि त्या घाणीचे एक पाकीट न उघडता तीन महिने गटाच्या कार्यालयात जपून ठेवावे. तक्रार आल्यास हे राखीव पाकीट फोडावे. ते स्वच्छ निघाले तर गटाजवळ काही पुरावा तरी राहील. किडके निघाले तर वाद न घालता पैसे परत करावेत आणि त्या घाणीचा उरलेला माल विक्रीतून काढून घ्यावा.

आणखी एक. मंचावर माल विकण्यापूर्वी विक्रेता व मंच यांच्यात लेखी करार असला पाहिजे, असे वरील नियमच सांगतात. हा करार बहुधा इंग्रजीत, मोबाइलच्या पडद्यावर असतो आणि ‘मान्य’ हे बटण दाबून संपतो. दर्यापूरच्या गटाचे ते बटण मीच दाबून दिले होते. परतीची मुदत किती दिवसांची आहे, परतीचे भाडे कोणावर आहे, आक्षेप कोठे व किती दिवसांत नोंदवावयाचा, ही तीन कलमे मी तेव्हा वाचली नव्हती. पुढे वाचली, तेव्हा आक्षेपाची मुदत निघून गेली होती. कार्यकर्त्यांनी ही कलमे मराठीत लिहून काढून गटाच्या सभेत वाचून दाखवावीत, आणि ती सर्वांस समजली अशी नोंद सभेच्या वहीत झाल्यावरच पुढे जावे.

गटाने मुदत टळल्यावरही मंचाकडे लेखी तक्रार केली आहे. तिची नोंद घेतली असल्याचे उत्तर आले आहे; कापलेल्या पैशांविषयी त्यात काही नाही. यंदाचा मूग वाळून पिशव्यांत भरला आहे, आणि पहिल्या चार घाणींची राखीव पाकिटे अध्यक्षाबाईंच्या घरी कुलपात आहेत.