योजना आहे, वाट दाखवणारा नाही

नंदनवनमध्ये वेल्डिंग, फर्निचर, शिवणकाम करणारे कितीतरी तरुण मी रोज पाहतो. हातात कसब आहे, गिऱ्हाईक आहे. मशीन घ्यायला पैसा नाही.

सोय मात्र आहे. २००८ पासूनच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अल्पसंख्याक, ओबीसी, महिला अशा अर्जदारांना शहरात प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान आहे. स्वतःचे ५ टक्के घालायचे, बाकी बँक कर्ज देते. अनुदान रोख हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेवून मग कर्जात वळते करतात.

जिल्हा उद्योग केंद्र अर्ज पुढे पाठवते, पण कर्ज मंजूर करणे बँकेच्या हाती. घोडे तिथेच अडते. प्रकल्प अहवाल कच्चा, कोटेशन नाही, सगळा व्यवहार रोखीचा. मग अर्ज परत. त्याचे कारण प्रत्येकाला लेखी मिळालेच पाहिजे, हा आग्रह आपण धरू या.

आणि थोडे आपणही करू या. वस्तीतल्या निवृत्त बँक कर्मचाऱ्यांनी, अकाउंटंटनी आठवड्यातली एक संध्याकाळ या मुलांना द्यावी. कागद नीट झाले, तर नाही म्हणणे बँकेलाही जड जाईल.